हात कोणाचा बांधायचा?

गेल्या डिसेंबरात मुलुंडच्या एका हॉलमध्ये आमच्या दहावीच्या बॅचचं स्नेहसंमेलन झालं. सरांना शाल दिली, श्रीफळ दिलं आणि वर लाल रिबीन बांधलेली वेताची छडी भेट दिली. टाळ्या थांबेनात. एकाने माइक घेतला. म्हणाला, "सर, तुमचा मार खाल्ला म्हणून आज माणसात आलो." पुढे पंगतीत तोच विषय. हल्ली धाक राहिला नाही, कायद्याने मास्तरांचे हात बांधले, आपली परंपरा टाकून आपण गोऱ्यांची फॅडं उचलली. जेवता जेवता याला उत्तर देणं मला जमलं नाही.

आधी परंपरा. चाणक्याच्या नावावर खपणारा एक श्लोक अशा वेळी हमखास पुढे येतो: पाच वर्षं लाड, दहा वर्षं ताडन, सोळावं लागलं की मैत्री. हा श्लोक ज्यांना पाठ असतो त्यांच्या कानावरून गौतम धर्मसूत्र सहसा गेलेलं नसतं. तिथला नियम असा, की शिष्याला वळण लावावं ते न मारता. अगदीच जमेना तर बारीक दोरी किंवा वेळूची पातळ कांब चालेल. याखेरीज दुसऱ्या कशाने मारलं, तर राजाने शिक्षा करायची ती गुरूला! मनुस्मृतीही मारायची मुभा देते ती फक्त पाठीवर, डोक्यावर कधीच नाही, आणि हे मोडणाऱ्याच्या माथी चोराचं पाप टाकते. (मनुस्मृती मी दयेचा ग्रंथ म्हणून पुढे करत नाही. शूद्राची जीभ छाटायची शिक्षाही तिथेच आहे.) मुद्दा एवढाच, की ज्यांनी छडीला परवानगी दिली त्यांनीही मारणाऱ्याच्या हातावर पहिली गाठ मारून ठेवली होती.

याहून जवळचा दाखला बोरिवलीकरांच्या अंगणातच आहे. रविवारी डबे घेऊन आपण कान्हेरीला जातो, पाण्याच्या टाक्यांपाशी फोटो काढतो आणि परततो. शंभराहून अधिक लेण्यांच्या त्या डोंगरात बौद्ध भिक्षू कित्येक शतकं राहिले, शिकले आणि त्यांनी शिकवलंही. भिक्षूंना लागू असलेल्या विनयाच्या नियमांत, रागाच्या भरात दुसऱ्या भिक्षूला मारणं हा अपराध आहे. त्याच्या पुढचाच नियम नुसता हात उगारण्याबद्दल आहे आणि तो वेगळा, स्वतंत्र अपराध आहे. 'मारलं कुठे, नुसता हात उगारला' ही आपली पळवाट त्या लोकांनी तेव्हाच बुजवून टाकली होती.

आता गोऱ्यांचं फॅड. हा आरोप करणाऱ्याने इतिहास नेमका उलटा धरला आहे. गव्हर्नर जनरल बेंटिंकने 1835 मध्ये देशी शिपायांची फटक्यांची शिक्षा बंद केली, तेव्हाही शिस्त बुडाल्याची ओरड झाली आणि दहा वर्षांत, 1845 मध्ये, फटके परत आले. पुढे 1864 मध्ये फटक्यांसाठी खास कायदाच झाला आणि 1909 मध्ये तो नव्याने केला. चोरटा असो की अल्पवयीन पोर, फटके देऊन सोडलं की तुरुंगातली जागा आणि भाकरी दोन्ही वाचत. स्वतंत्र भारताने 1955 मध्ये तो कायदा रद्द केला. चोराची पाठ तेव्हा सुटली. शाळेतल्या मुलाच्या तळहाताला मात्र शिक्षण हक्क कायदा लागू होईपर्यंत, म्हणजे 1 एप्रिल 2010 पर्यंत, थांबावं लागलं. त्या कायद्याचं कलम 17 शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करतं. चोरानंतर पंचावन्न वर्षांनी मुलाचा नंबर लागावा, याची लाज मला परक्यांच्या फॅडापेक्षा जास्त वाटते. आणि ज्यांचं हे फॅड म्हणता, त्या ब्रिटनच्या संसदेत सरकारी शाळांतली छडी 1986 मध्ये गेली ती 231 विरुद्ध 230 मतांनी. पोलंडने ती 1783 मध्येच बंद केली होती. घरातल्या मारालाही बंदी घालणारा पहिला देश स्वीडन, 1979 मध्ये. अमेरिकेच्या काही राज्यांतल्या शाळांत छडी आजही कायदेशीर आहे. तेव्हा 'गोरे' म्हणजे नेमके कोण, हे आधी ठरवा.

'पण आता मारतं कोण?' असंही विचारलं जातं. नोव्हेंबर 2025 मध्ये वसईत, उशिरा आली म्हणून सहावीतल्या मुलीला उठाबशा काढायला लावल्या आणि काही दिवसांनी ती गेली. मृत्यूचं कारण ठरवणं तपासाचं काम आहे. उठाबशा म्हणजे मार नव्हेच, ही समजूत मात्र आपली सगळ्यांची आहे. ओणवं उभं करणं, अंगठे धरायला लावणं, कोंबडा करणं हे तर आपण गमतीचे किस्से म्हणून सांगतो.

एक विसंगती मला फार गमतीची वाटते. शेंगांची टरफलं मी टाकली नाहीत, मी उचलणार नाही, म्हणून शिक्षा नाकारणाऱ्या टिळकांची आख्यायिका आपण दर 1 ऑगस्टला पोरांकडून भाषणात पाठ म्हणून घेतो. भाषण विसरणाऱ्या पोराचा कान तिथेच पिळतो.

विरोधकांचं एक म्हणणं मात्र मला पूर्ण मान्य आहे. एका वर्गात साठ पोरं, त्यात निवडणुकीची आणि जनगणनेची कामं, आणि मास्तरच्या हातात काहीच नाही. पण ज्या कायद्याने छडी काढून घेतली, त्यानेच प्राथमिक वर्गांत तीस मुलांमागे एक शिक्षक हेही लिहिलं आहे. भांडायचं तर त्यासाठी भांडा. आणि छडीऐवजी काय, याचं उत्तरही शोधायला लांब जायला नको. बोरिवलीहून विरारच्या पुढे, डहाणूच्या बाजूला ते मिळतं. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक 1945 मध्ये दादर सोडून बोर्डीला गेल्या, पुढे अनुताई वाघांसह कोसबाडच्या टेकडीवर. आदिवासी पोरं गुरांमागे जात आणि शाळेला येत नसत. दुसऱ्या कोणी त्यांना बखोटीला धरून आणलं असतं. या बायकांनी कुरणातच शाळा नेली. अंगणवाडी त्यांनी बोर्डीत उभी केली ती याच रीतीने: मूल येत नाही ना, मग आपण जायचं. यात ढिलाई कसली? उन्हात गुरांमागे फिरून शिकवायला लागते ती शिस्तच असते, फक्त ती मोठ्यांच्या अंगावर येते.

'मार खाल्ला म्हणून घडलो' याला उत्तर तसं सोपं आहे. हे वाक्य बोलायला माइक मिळतो तो घडलेल्यांनाच. आमच्या वर्गात एक डावखुरा होता. पेन डाव्या हातात दिसलं की पट्टीची कड बोटांच्या सांध्यांवर बसे. सातवीनंतर तो आला नाही.

कार्यक्रम आटपल्यावर सर जिना उतरत होते. त्यांना आधार द्यायला मी सोबत होतो. मधल्या पायरीवर ते थांबले. "तो डावखुरा आला नव्हता का रे?" मी ग्रुपवर विचारलं. कोणाकडेच त्याचा नंबर नव्हता.