सही करण्याआधी कोणाशी बोललात?

मागच्या महिन्यात तिकोणा पेठेत एका ओसरीवर चहाला बसलो होतो. घरमालकांनी आतून एक कागद आणला. "साहेब, जरा बघा, बरोबर हाये ना?" पवनेकाठची पंधरा गुंठे जमीन तंबूवाल्याला नऊ वर्षांसाठी देण्याचा करार होता तो. शेवटच्या पानावर पाहतो तर सही आठ दिवसांपूर्वीच झालेली! सातबाऱ्यावर बहिणीचेही नाव, पण तिची सही नाही. मुदत संपल्यावर सिमेंटचे ओटे कोण उखडून देणार, याबद्दल एक अक्षर नाही. सही करताना शेजारी कोण होते, असे विचारले तर म्हणाले, "एजंट होता की!"

आता गंमत बघा. चाकणच्या बाजारात बैल घ्यायला निघालो की आपण जाणता माणूस बरोबर नेतो. तो दात बघतो, बैल चालवून बघतो, आणि मनाला आले नाही तर "चला घरी" म्हणतो. आपण निमूट माघारी येतो. मग जमिनीचा करार किंवा दहा-पंधरा लाखांचे कर्ज करताना एकटेच का जातो? सल्ला देणारे चावडीवर पैशाला पासरी मिळतात. मी म्हणतो तो माणूस सल्ला देणारा नव्हे, प्रश्न विचारणारा.

अशा जोडीने काय घडते याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील बेताचे शिकलेले. पण गावोगाव फिरून शेतकऱ्यांकडून भागभांडवल गोळा करण्याची धमक त्यांच्यात होती. हिशेबाला, विचाराला त्यांनी सोबत घेतले ते पुण्याच्या गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना. प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950-51 च्या हंगामात सुरू झाला, तेव्हा अध्यक्ष गाडगीळ होते. ज्याने घाम गाळला त्याने खुर्चीसाठी भांडण केले नाही, आणि पुस्तके वाचणाऱ्यानेही पुण्यात बसून नुसते लेख लिहिले नाहीत. एकाजवळ लोकांचा विश्वास होता, दुसऱ्याजवळ आकडे. आपल्याला काय येत नाही हे विठ्ठलरावांना कळत होते, ही मला सर्वांत मोठी गोष्ट वाटते.

तुम्ही म्हणाल, मग साहेब, तुम्ही आहातच की! नाही, मी तो माणूस नाही. स्पष्ट सांगतो, माझ्या डोक्यावर लक्ष्यांक असतो. काही वर्षांपूर्वी एका तरुणाला दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसची फाइल करून दिली. जरबेराचा लग्नसराईतला भाव मी त्याला तोंडपाठ सांगितला, अनुदान समजावले. पण आपल्या मावळातला वारा-पाऊस धरून कागद किती वर्षे टिकेल आणि तो बदलायचे पैसे कुठून येतील, हे मी विचारले नाही. त्यानेही विचारले नाही. 2020 च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली, फुले उकिरड्यावर गेली. 3 जूनला निसर्ग वादळ आले आणि कागद फाटून बांधावर लोंबू लागला. वादळ कोणाला सांगून येत नाही हे खरे, पण कागद कधी ना कधी फाटणारच होता. बँकेचा हप्ता मात्र तसाच राहिला. फाइल माझी पूर्ण झाली होती, म्हणजे कागदोपत्री मी यशस्वी!

तेव्हा माणूस निवडताना आधी एवढे बघा की, या व्यवहारात त्याला दमडीचा लाभ नसावा. एजंट, दुकानदार, आणि आम्ही खात्याची माणसेसुद्धा, माहितीपुरती बरी. तोंडावर "नको" म्हणायची त्याला भीड नसावी, आणि ओसरीवरचे बोलणे त्याने टपरीवर नेऊ नये. निवृत्त गुरुजी असतील, सोसायटीचे जुने सचिव असतील. आणि घरची कारभारीण? बचत गटाचा हिशेब पैशापैशाने ठेवणारी बाई घरात असते आणि लाखाच्या व्यवहारात तिला फक्त चहा टाकायला सांगतात. तोडणीला कोण जाणार, दिवाळीला हातात काय उरणार, हे तिच्याइतके कोणाला ठाऊक?

सरपंच मंडळींनाही हेच सांगणे आहे. ग्रामसभेत सगळे माना डोलावतात आणि सभा संपली की पाराखाली खरे बोलतात. ग्रामपंचायतीचे भाऊसाहेब नियम सांगतील, पण पाण्याची टाकी बांधल्यावर मोटारीचे वीजबिल कोण भरणार, हे विचारणारे एखादे परखड माणूस ठराव लिहिण्याआधी शेजारी बसवा. ते विरोधी पार्टीचे असले तरी चालेल. उलट बरेच.

त्या ओसरीवरच्या कराराचे अजून संपलेले नाही. एका वर्षाहून जास्त मुदतीचा भाडेकरार नोंदवावा लागतो, आणि हा अजून नोंदवलेला नाही. येत्या रविवारी बहीण माहेरी येणार आहे. गावातल्या गुरुजींनाही बोलावले आहे. एजंटाला मात्र अजून कोणी काही कळवलेले नाही.