ऑक्सिमीटरला न दिसणारी धाप

कोविडच्या दुसऱ्या लाटेने २०२१ मध्ये ऑक्सिमीटर घरोघरी पोहोचवला. ग्वाल्हेरची शिंदे की छावनी असो वा गोव्यातील डिचोली, बोटाला लावलेल्या यंत्राचा आकडा ९५ च्या वर असला की निर्धास्त व्हायचे आणि खाली गेला की प्राणवायू शोधायचा, हे समीकरण जनमानसात रुजले. मोटर न्यूरॉन आजारात मात्र तेच समीकरण रुग्णाच्या जिवावर बेतू शकते.

या आजारात स्नायूंना आज्ञा देणाऱ्या चेतापेशी क्रमाने नष्ट होतात. फुप्फुसे बहुधा शाबूत असतात. दुबळा होतो तो त्यांचा भाता, म्हणजे श्वासपटल आणि बरगड्यांमधील स्नायू. श्वास उथळ होऊन कार्बन डायऑक्साइड साचू लागतो, तोही प्रथम रात्री, झोपेत. दिवसा ऑक्सिमीटरचा आकडा बराच काळ समाधानकारक दिसतो. उताणे झोपता न येणे, सकाळची डोकेदुखी, दिवसाची गुंगी, एका दमात वाक्य पुरे न होणे या खुणा त्याआधीच बोलू लागतात. अशा वेळी तज्ज्ञांच्या सल्ल्याविना नुसता ऑक्सिजन लावल्यास आकडा सुधारतो, पण श्वसनाची प्रेरणा मंदावून कार्बन डायऑक्साइड आणखी वाढू शकतो.

म्हणूनच मोजायचे ते श्वासाचे बळ. स्पायरोमीटरवर बसून आणि आडवे होऊन घेतलेली नोंद, नाकाने जोरात हुंगताना निर्माण होणारा दाब, खोकल्याचा जोर आणि गरजेनुसार रात्रभराची नोंद व रक्तातील वायूंची तपासणी यांतून खरे चित्र उभे राहते. एकट्या नोंदीपेक्षा घसरणीचा वेग महत्त्वाचा. ब्रिटनमधील ‘नाइस’ संस्थेची २०१६ ची मार्गदर्शक तत्त्वे दर दोन-तीन महिन्यांनी ही तपासणी करण्यास सांगतात. वेळेवर निदान झाल्यास बायपॅप यंत्र मुखवट्यातून, गळ्याला छेद न देता, श्वासाला आधार देते. इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे ४१ रुग्णांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, गिळण्या-बोलण्याचे स्नायू फारसे दुबळे न झालेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान बायपॅपमुळे २०५ दिवसांनी वाढले. जगण्याची प्रतही सुधारली.

यासाठी महानगरच हवे असे नाही. दौलतराव शिंद्यांच्या १८१० च्या तळातून वाढलेल्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील शिंदे की छावनीला शहरातच, १९४६ पासूनचे, गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय आहे. गोव्यात १८४२ पासूनचा वारसा सांगणारे गोमेकॉ बांबोळीत आहे. स्पायरोमीटर दुर्मीळ नाही. दम्याच्या रुग्णांसाठी तो नित्य वापरला जातो. धोका आहे तो दोन विभागांमधल्या फटीत. निदान मेंदूविकारतज्ज्ञ करतात, श्वासाची चाचणी छातीविकार विभागात होते. पुढची तारीख कोणी द्यायची हे ठरलेले नसले, तर रुग्ण थेट अतिदक्षता विभागातच पोहोचतो.

दुसरी फट खर्चाची. आयुष्मान भारत योजना वर्षाला कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत संरक्षण देते, पण तिचा गाभा रुग्णालयात दाखल होणे हाच आहे. गोव्याची दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनाही ठरलेल्या उपचारांभोवती बांधलेली आहे. बायपॅप मात्र महिनोन्‌महिने घरी, रोज रात्री चालवावा लागतो. मुखवटे बदलावे लागतात आणि पावसाळ्यात वीज गेली तर बॅटरीही हवी. अतिदक्षतेचा खर्च उचलणाऱ्या व्यवस्थेने, तो टाळू शकणाऱ्या यंत्राकडे पाठ फिरवणे व्यवहाराच्या हिशेबातही बसत नाही.

लहान राज्याला येथे मोठी संधी आहे. निदानाच्याच दिवशी श्वासाची पहिली नोंद, पुढच्या तपासणीची निश्चित तारीख, परत करण्याच्या बोलीवर यंत्रे देणारा छोटा साठा आणि अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या घरी जाणारा तंत्रज्ञ, एवढी घडी काणकोण ते पेडणे एवढ्या टापूत बसवणे अशक्य नाही. मे २०२१ मध्ये प्राणवायूच्या तुटवड्याची झळ गोव्याने सोसली आहे. या रुग्णांना मात्र प्राणवायूपेक्षा अधिक उणीव भासते ती वेळेवर झालेल्या मोजणीची.