बाळाचे श्वास मोजणे : पाचवी-सहावीच्या वर्गातच शिकवायला हवा असा धडा



२०२४ चा डिसेंबर संपता संपता आपल्या बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात एक विचित्र प्रकार सुरू झाला. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये लोकांचे केस गळू लागले. काही दिवसांतच टक्कल! लहान मुलंही त्यातून सुटली नाहीत. बातमी पसरली, आरोग्य विभागाची पथकं आली, पाण्याचे नि रक्ताचे नमुने घेतले गेले, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचे तज्ज्ञसुद्धा आले. हे योग्यच झालं. लक्षण डोळ्यांना दिसलं, लोक बोलले आणि यंत्रणा हलली.

त्या केसगळतीत कुणाचा जीव गेला नाही. पण तान्ह्या बाळाच्या जिवावर उठणारी लक्षणं अशी सहज दिसत नाहीत. न्यूमोनिया झालेलं बाळ ओरडून सांगत नाही. उलट ते गप्प होत जातं. दूध ओढणं कमी करतं, झोपून राहतं. घरातले म्हणतात, "आज लेकरू शांत आहे व माय, झोपू दे त्याले." ती शांतताच धोक्याची असू शकते, हे कुणी कुणाला शिकवायचं? माझं मत स्पष्ट आहे. हे शाळेने शिकवायला हवं आणि पाचवी-सहावीपासूनच शिकवायला हवं.

बाळाजवळ कोण असतं?

आरोग्याची सगळी माहितीपत्रकं "मातांनो" अशी सुरू होतात. पण आपल्या भागात सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी चालू असताना दिवसभर बाळाजवळ कोण असतं, ते आठवून पाहा. आई वावरात, बाप मजुरीला, आजीला नीट दिसत नाही. झोळीला झोका देत बसलेली असते ती आपल्या वर्गातली पाचवी-सहावीची पोरगी. त्या दिवसांत हजेरीपटावर तिच्या नावापुढे आपण गैरहजेरी मांडतो. तिने शाळेतच असायला हवं, हे खरंच. पण संध्याकाळी, सुट्टीत, रविवारी तरी बाळ तिच्याच कडेवर असतं. मग जिच्या कडेवर बाळ आहे, तिलाच धोक्याच्या खुणा माहीत नसाव्यात का?

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. रोगाचं नाव ओळखणं हे डॉक्टरांचं काम आहे. ते आपल्याला जमणार नाही आणि जमवूही नये. आपलं काम एवढंच, की "हे साधं दुखणं आहे की आत्ता दवाखान्यात न्यायचं आहे?" एवढा फरक ओळखायचा.

गडचिरोलीने काय दाखवलं?

"हे डॉक्टरी काम आहे, खेड्यातल्या माणसाला जमत नाही," असं कुणी म्हटलं तर त्याला आपल्या विदर्भातलंच उदाहरण द्यावं. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. तिथे त्यांनी गावातल्याच माणसांना बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ज्या सुईणींना आकडे मोजता येत नव्हते, त्यांच्यासाठी मणी सरकवून श्वास मोजायचं एक साधं साधन तयार केलं. पुढे ३९ गावांमध्ये गावातल्याच प्रशिक्षित बायकांनी घरोघरी जाऊन नवजात बाळांची काळजी घेतली आणि तिसऱ्या वर्षी तिथले नवजात मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं दिसलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झालं. आज आपल्या गावची आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी बाळाला पाहायला येते, त्याचं मूळ याच कामात आहे.

मण्यांवर श्वास मोजणाऱ्या सुईणीला जे जमलं, ते शंभरपर्यंत अंक येणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना का जमू नये?

वर्गात काय शिकवायचं?

फार नाही. पाच गोष्टी पुरे.

१) श्वास मोजणे. बाळ शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना त्याचा सदरा वर करायचा. पोट-छाती एकदा वर आली की एक श्वास. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायचं नाही, कारण बाळाचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा जास्त आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त असतील तर श्वास जलद आहे. अगदी तान्ह्या बाळाचा आकडा जास्त आला तर लगेच आणखी एकदा मोजून खात्री करावी. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग आत ओढला जात असेल, तर आकड्याची वाट न पाहता निघायचं. म्हाताऱ्या बायका "पोट उडते लेकराचं" म्हणतात ना, तिकडे हसण्यावारी दुर्लक्ष करू नका. पुष्कळदा त्यांनी बरोबर पाहिलेलं असतं. चूक होते ती पुढच्या उपचारात.

२) कोणत्याही आजारातल्या चार मोठ्या खुणा. मूल काहीच पीत नाही, पोटात गेलेलं सगळं उलटून टाकतं, झटके येतात किंवा सुस्त पडून राहतं, हाक मारली तरी नीट जागं होत नाही. यातली एकही खूण दिसली तरी त्याच क्षणी दवाखाना गाठायचा.

३) दोन महिन्यांच्या आतलं बाळ. इथे नियम जास्त कडक. ताप आला तरी धोका आणि अंग गार पडलं तरी धोका. बाळाचं पोट आणि तळपाय दोन्ही हाताला गार लागत असतील, तर बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने लावून वरून पांघरूण घालावं आणि तसंच दवाखान्यात न्यावं. दूध ओढत नाही, हलवल्याशिवाय हालचाल करत नाही, बेंबीतून पू येतो, पहिल्याच दिवशी अंग पिवळं दिसतं किंवा तळहात-तळपाय पिवळे झालेत, या सगळ्या दवाखान्याच्या खुणा.

४) जुलाब. डोळे खोल गेले, टाळू खाली बसली, पोटावरची कातडी चिमटीत धरून सोडली तर हळूहळू जागेवर जाते, म्हणजे अंगातलं पाणी कमी झालं. आपल्याकडे जुलाब लागले की पाणी-दूध बंद करतात. हे उलटं आहे. अंगावरचं दूध चालूच ठेवायचं. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात पूर्ण विरघळवायची, अर्धी पुडी ग्लासात नाही. थोडं थोडं पाजत राहायचं आणि २४ तासांनी उरलेलं फेकून नवीन करायचं. सोबत आशाताई किंवा डॉक्टर देतील त्या झिंकच्या गोळ्या १४ दिवस पूर्ण करायच्या. शौचात रक्त दिसलं किंवा मूल सुस्तावलं तर घरी थांबायचं नाही.

५) ताप. तापासोबत मान ताठ झाली, तान्ह्या बाळाची टाळू फुगली, अंगावर दाबूनही न पुसट होणारे लाल-जांभळे ठिपके आले तर तातडी. डेंग्यूच्या दिवसांत तर ताप उतरल्यावरच जास्त लक्ष ठेवायचं. तेव्हाच पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हातपाय गार पडणं, नाका-हिरड्यांतून रक्त येणं, असं होऊ शकतं. "ताप उतरला, आता बरं वाटतंय" म्हणून निर्धास्त होऊ नये.

ओळख झाली तरी पुढे काय?

लक्षण ओळखलं आणि उपाय चुकला, तर उपयोग नाही. शेजारच्या मेळघाटात बाळाचं पोट फुगलं की गरम सळईचे चटके देण्याचा प्रकार अजून थांबलेला नाही. आपण त्यांना नावं ठेवतो. पण आपल्याकडे बिब्बा लावणारे, गोवर आला की "देवी आली" म्हणून औषध न देणारे नाहीत का? आणि शिकलेली माणसं तरी वेगळं काय करतात? मेडिकलवर जाऊन "खोकल्याचं औषध द्या हो" म्हणतात. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये नागपूरला लागून असलेल्या छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याच्या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष निघालं आणि वीसहून अधिक लेकरं मूत्रपिंड निकामी होऊन गेली. त्यातल्या अनेकांवर नागपुरात उपचार चालले होते. लघवी कमी होणं, बंद होणं ही तिथली मोठी खूण होती. त्याच वेळी केंद्र सरकारनेही सांगितलं, की दोन वर्षांच्या आतल्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊच नयेत आणि पाच वर्षांच्या आत सहसा देऊ नयेत. म्हणून सहावा धडाही जोडा : मुलाने दिवसभरात किती वेळा लघवी केली, हे घरात कुणाला तरी माहीत हवं.

"गुरुजींवर आधीच कामं कमी आहेत का?"

हा प्रश्न येणार आणि तो खोटा नाही. मतदार याद्या, शालेय पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती यात शिकवायला वेळ उरत नाही. पण हे नवीन काम म्हणून करूच नका. गणिताच्या तासाला 'वेळ' हा घटक शिकवताना मुलांनी एकमेकांचे श्वास एक मिनिट मोजावेत. त्यांच्या वयात आकडा साधारण वीसच्या आसपास येईल. "मग ५० म्हणजे किती जलद?" हे त्यांना आपोआप कळेल. परिसर अभ्यासात टाळू, कातडी, लघवी येईल. मराठीच्या निबंधाला 'माझी आई' सोबत 'घरातलं तान्हं बाळ आजारी पडलं तर' हा विषय द्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत तपासणीला येतं, त्या दिवशी डॉक्टरांकडून प्रात्यक्षिक करून घ्या. आशाताईला एका तासाला बोलवा. एवढंच.

दुसरी शंका, मुलं घाबरतील. मला तसं वाटत नाही. काय करायचं हे माहीत नसलं की मूल घाबरतं. १०८ वर फोन कसा लावायचा, गरोदर माता आणि तान्ह्या बाळासाठी १०२ ची गाडी असते, पत्ता सांगताना गावासोबत तालुका आणि जवळची खूण सांगायची, हे पाठ असलेलं मूल धीराने वागतं. मात्र एक सांगून ठेवा : निर्णयाचं ओझं पोरीवर नाही. तिने पाहायचं, मोजायचं आणि मोठ्या माणसाला लगेच सांगायचं. आणि मोठ्यांनी तिचं ऐकायचं. "तुले काय समजते?" म्हणून तिला गप्प करायचं नाही.

हा शेवटचा भाग मुलांना नाही, आपल्यालाच शिकायचा आहे. पुढच्या पालकसभेत पटनोंदणी आणि गणवेशाच्या विषयानंतर दहा मिनिटं यासाठी ठेवा. सहावीतल्या एखाद्या मुलीला पुढे बोलवा, घड्याळ हातात द्या आणि आईच्या मांडीवरच्या बाळाचे श्वास सगळ्यांसमोर मोजायला लावा. पालकांना भाषणापेक्षा ते जास्त पटेल.