नवदांपत्याला चार दिवस द्यावेत

लग्नसराई आटोपली की घरोघरी मधुचंद्राचा विषय निघतो आणि बहुधा प्रवासी कंपनीच्या दरपत्रकापाशी येऊन थांबतो. परदेशी सहलीसाठी कर्ज काढण्याचेही आता कोणाला नवल वाटत नाही. सहल आठवड्यात संपते. हप्ते मात्र संसाराच्या पहिल्या वर्षावर भार टाकतात. वाडीच्या नवदांपत्यासाठी याहून साधा मार्ग दाराशीच आहे. घरची मोटार घ्यावी, पेंचचे जंगल पाहावे आणि पुढे जबलपूर गाठावे.

वाडी ही गोदामांची आणि मालमोटारींची वस्ती. नागपूरहून उत्तरेकडे जाणारा माल ज्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वरून जातो, तोच रस्ता येथे उपयोगी पडतो. मनसरजवळ थोडे वळले की रामटेक येते. नागपूरपासून अंतर सुमारे ५० किलोमीटर. पत्नीच्या विरहाने व्याकूळ झालेल्या ‘मेघदूता’तील यक्षाचा रामगिरी तो हाच, असे नागपूरचे थोर पंडित वा. वि. मिराशी यांनी प्रतिपादन केले. गडावर राममंदिर आहे आणि गावात शांतिनाथ भगवंतांचे प्राचीन क्षेत्र. नव्या संसाराचे पहिले दर्शन येथे घडावे, हे उचितच.

पेंचला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा १९७५ साली मिळाला आणि १९९९ साली महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पात आले. २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणूनही त्याची नोंद झाली, म्हणजे रात्रीचे निखळ तारांगण पाहण्याजोगे स्थान. सफारीचे आरक्षण आधी करावे लागते आणि पावसाळ्यात गाभा क्षेत्र बंद असते. हिवाळ्यातील पहाटे उघड्या जिप्सीत थंडी बोचते. लोकरी कपडे विसरू नयेत.

खरी कसोटी वेगळीच असते. दुपारची सफारी सूर्यास्ताच्या सुमारास संपते. दोघांपैकी एकाचा चौविहार असेल, तर मुक्कामी परतेपर्यंत भोजनाची वेळ टळलेली असते. सकाळची सफारी नवकारसीपूर्वीच सुरू होते. अशा वेळी नियम मोडायचा, सफारी सोडायची, की दुपारीच जेवून निघायचे? प्रश्न छोटा, पण घरात तो सासूबाई सोडवतात, येथे दोघांनाच सोडवावा लागतो. जोडीदाराचा नियम आपल्याला अडचणीचा वाटतो की आदराचा, हे त्या एका संध्याकाळी कळते. वाघ दिसला नाही तरी ही ओळख सफारीच्या मोलाची आहे.

पेंचमधून जाणाऱ्या महामार्गाकडेही लक्ष द्यावे. रस्ता रुंद करताना वन्यप्राण्यांचा मार्ग तुटणार होता. प्रकरण न्यायालयात गेले. अखेर महाराष्ट्राच्या हद्दीत रस्त्याखालून प्राण्यांना जाण्यासाठी नऊ बांधकामे झाली. त्यांतील सर्वांत लांब सुमारे ७५० मीटरचे आहे. वरून वाडीचा माल धावतो, खालून वाघ आणि चितळ निर्धास्त जातात. खर्च वाढला, पण व्यापार थांबला नाही आणि जंगलही दुभंगले नाही.

पुढे सिवनीमार्गे जबलपूर. भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुआंधार पाहून पिसनहारीची मढिया अवश्य पाहावी. दळण दळून मिळालेल्या कमाईतून एका सामान्य स्त्रीने हे जैन मंदिर उभारले, अशी आख्यायिका आहे. काटकसरीचे बळ किती असते, याचा याहून सुंदर दाखला नवदांपत्याला कोठे मिळेल? प्रवासाचा खर्च दोघांनी मिळून एका वहीत लिहावा. पैशाविषयी मोकळेपणाने बोलण्याची सवय पहिल्याच आठवड्यात लागली, तर पुढचे पुष्कळ गैरसमज टळतात.

वडीलधाऱ्यांसाठीही एक सूचना. दुकानातील उधारीची विचारणा, पाहुण्यांचे निरोप आणि दर तासाचे फोन या चार दिवसांत आवरावेत. रात्री खुशालीचा एक फोन पुरे. एकत्र कुटुंबात सुनेला पतीशी निवांत बोलण्याची संधी क्वचितच मिळते. व्यवहार वरून चालू राहू द्यावा आणि त्याखालून दोघांपुरती वाट मोकळी ठेवावी. जे वाघाला देता आले, ते आपल्या मुलाला-सुनेला देणे जड वाटू नये.