सोनगडला टाकी का भरावी लागते?

सुरतेहून गावी निघालेली आपली माणसे बारडोली, व्यारा मागे टाकून सोनगडला पोहोचली की गाडीत एक वाक्य हमखास ऐकू येते : "आठेच भरी ल्या, पुढे महाग शे." नंदुरबारला लग्न असो, धुळ्याला साखरपुडा असो की जळगावकडे कुणाचे दहावे असो, टाकी भरल्याशिवाय उच्छलची हद्द कुणी ओलांडत नाही. उलट बाजूने नवापूरची मंडळीही गुजरातच्या पंपावर येतात. नवापूरचे रेल्वे स्टेशन तर निम्मे गुजरातेत, निम्मे महाराष्ट्रात आहे. फलाटावरच्या एकाच बाकावर दोघे बसले तर एकाच्या राज्यात पेट्रोल स्वस्त आणि दुसऱ्याच्या राज्यात महाग!

२०२४ साली गुजरातेत पेट्रोल लिटरला ९५ रुपयांच्या आसपास होते, तर महाराष्ट्रात १०४ च्या आसपास. दहा लिटरच्या टाकीमागे नव्वद रुपयांचा फरक. आता सांगा, अरबस्तान नवापूरपासून जास्त दूर आणि उच्छलपासून जवळ आहे काय? दोन्हीकडचे तेल तेच आणि डॉलरचा भावही तोच. फरक आहे तो फक्त राज्याच्या कराचा. त्या वेळी महाराष्ट्रात पेट्रोलवर २५ टक्के व्हॅट आणि वर लिटरमागे पाच रुपये बारा पैसे घेतले जात होते. गुजरातेत व्हॅट १३.७ टक्के आणि त्यावर ४ टक्के उपकर होता. गावाकडच्या गोष्टींचे कौतुक करताना आपण थकत नाही, पण पेट्रोलच्या बाबतीत गावाकडचे सरकार आपल्या खिशाला अधिक झोंबते, हे कबूल केले पाहिजे.

म्हणून आमचे पहिले सांगणे असे, की पेट्रोल महागले म्हणजे आखातात काहीतरी झाले, एवढ्यावर समाधान मानू नका. आखातात होते, जरूर होते. ज्यांच्या दोन-तीन पिढ्या उधन्यात गेल्या त्या घरांतल्या वडीलधाऱ्यांना १९७३ आठवत असेल. त्या ऑक्टोबरात अरब-इस्राएल युद्ध पेटले. तेव्हा तीन डॉलरच्या आसपास असलेला तेलाचा भाव १९७४ च्या जानेवारीत पिंपामागे साडेअकरा डॉलरच्या वर गेला. २००८ च्या जुलैत तो १४७ डॉलरवर पोहोचला आणि २०२२ च्या मार्चमध्ये युक्रेन युद्धामुळे पुन्हा १३० च्या पुढे गेला. आपला देश गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो, तेही डॉलर मोजून. भाव चढला किंवा रुपया घसरला की आपल्याला चटका बसणारच. त्यावर दिल्लीत कुणीही बसले तरी त्याचा इलाज नाही.

पण मग तेल उतरते तेव्हा काय होते? खरा प्रश्न इथे आहे.

२०१३-१४ साली भारत घेत असलेल्या कच्च्या तेलाचा सरासरी भाव पिंपामागे सुमारे १०५ डॉलर होता. २०१५-१६ साली तो ४६ वर आला. एका पिंपात १५९ लिटर तेल असते. त्या त्या वर्षीच्या डॉलरच्या भावाने हिशेब मांडला तर लिटरभर कच्चे तेल चाळीस रुपयांवरून एकोणीस रुपयांच्या आसपास आले. म्हणजे एकवीस रुपयांची बचत. ती पूर्ण आपल्या पदरात पडली का? नाही. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात केंद्राने उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढवले. पेट्रोलवर ११ रुपये ७७ पैसे वाढले आणि डिझेलवर १३ रुपये ४७ पैसे. २०२० मध्ये कोरोनाने जग थांबले, तेलाला गिऱ्हाईक उरले नाही, तेव्हा मार्चमध्ये तीन रुपये आणि मे महिन्यात एकदम पेट्रोलवर दहा व डिझेलवर तेरा रुपये वाढवले. तेल मातीमोल झाले आणि पेट्रोलवरचे शुल्क जवळजवळ ३३ रुपयांवर गेले. पुढे नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये ते उतरवले, हेही नमूद केले पाहिजे. पण एप्रिल २०२५ मध्ये तेल उतरल्यावर पुन्हा दोन रुपये चढवले. पंपावरचा भाव तेवढाच राहिला, त्यामुळे कुणाच्या लक्षातही आले नाही.

चढते ते गिऱ्हाइकाच्या माथी आणि उतरते ते सरकारच्या तिजोरीत, अशी ही रीत आहे. आम्ही ती एकाच पक्षाच्या नावावर टाकत नाही. २०१० पूर्वी पेट्रोलचा भाव सरकार ठरवत असे. तो दाबून ठेवायचा आणि तेल कंपन्यांना रोख पैशांऐवजी कर्जरोखे द्यायचे, हा उद्योग मागच्या सरकारने केला. त्या काळी भाववाढ मागे घ्या म्हणून घोषणा देणाऱ्यांत आम्हीही होतो. आज मागे वळून पाहताना वाटते, की स्वस्त पेट्रोल फुकट नव्हते, उधारीवर होते. जून २०१० मध्ये पेट्रोल सरकारी नियंत्रणातून सुटले. डिझेलचा भाव जानेवारी २०१३ पासून दरमहा साधारण पन्नास पैशांनी वाढवत नेला आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही सोडले. नंतरच्या सरकारने त्या रोख्यांचेच कारण पुढे करून जादा कर घेतला. पण २०१४ साली शिल्लक असलेले रोखे सुमारे १.३ लाख कोटींचे होते, आणि २०२०-२१ या एका वर्षात केंद्राला पेट्रोलियम पदार्थांवरच्या उत्पादन शुल्कातून सुमारे ३.७ लाख कोटी रुपये मिळाले. असे रोखे किती वेळा फिटले असते, ते वाचकांनीच पाहावे.

जून २०१७ पासून भाव रोज सकाळी बदलतो, असे सांगितले जाते. तोही मोठा विनोद आहे. २०१८ मध्ये कर्नाटकची निवडणूक आली आणि भाव एकोणीस दिवस हललाच नाही. २०२१ च्या नोव्हेंबरपासून २०२२ च्या २२ मार्चपर्यंत, म्हणजे उत्तर प्रदेशची निवडणूक पार पडेपर्यंत, साडेचार महिने तो थिजून राहिला. मग सोळा दिवसांत लिटरमागे दहा रुपयांनी चढला. पुढे एप्रिल २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत कंपन्यांनी पुन्हा भाव हलवला नाही. त्या काळात रशियाचे सवलतीचे तेल जहाजे भरभरून आले, आपल्या वाडीनार आणि जामनगरला उतरले. तीन सरकारी कंपन्यांनी २०२३-२४ साली मिळून सुमारे ८१ हजार कोटींचा नफा दाखवला. त्याआधीच्या वर्षाच्या पहिल्या सहामाहीत त्यांनी तोटा सोसला होता, हे खरे. पण लोकसभेच्या तोंडावर, मार्च २०२४ मध्ये, गिऱ्हाइकाला मिळाले ते फक्त दोन रुपये.

आता आपल्या उधन्याचे बोलू. इतर शहरांत तेल महागले की माणूस पंपावर कुरकुरतो आणि घरी जातो. उधन्यात तो मार दोनदा बसतो. आपल्या लूम्सवर चालते ते पॉलिस्टर यार्न. ते ज्या रसायनांपासून बनते ती कच्च्या तेलातूनच निघतात. तेल चढले की यार्नचा व्यापारी नवा भाव सांगतो, पण रिंग रोडवरचा घेणारा ग्रे कापडाला जुनाच भाव देतो. मधल्या मधे कारखानेवाला अडकतो. तो एक पाळी बंद ठेवतो आणि त्याचा फटका मीटरवर मजुरी घेणाऱ्या कारागिराला बसतो. वरून टेम्पोचे भाडे वाढते. पांडेसऱ्याच्या मिलमध्ये माल जायचा आणि तिथून मार्केटला यायचा, दर फेरीला डिझेल लागतेच. शटल रिक्षाचे दोन-पाच रुपये वाढतात ते वेगळेच.

यात एक बारीक गोष्ट आहे, तिच्याकडे आपल्या व्यापारी बांधवांचे लक्ष वेधतो. १ जुलै २०१७ पासून जीएसटी आला. यार्नवर भरलेला कर कापडाच्या करातून वजा होतो. पण पेट्रोल आणि डिझेल जीएसटीच्या बाहेर ठेवले आहे. त्यामुळे टेम्पोवाल्याने डिझेलवर भरलेल्या कराची वजावट त्यालाही मिळत नाही आणि आपल्यालाही नाही. तो कर भाड्यात मुरतो, भाडे कापडात मुरते आणि त्या कापडावर पुन्हा कर बसतो. करावर कर लागू नये म्हणून जीएसटी आणला असे आपल्याला सांगितले होते.

राज्यघटनेच्या १०१ व्या दुरुस्तीनुसार जीएसटी परिषदेने शिफारस केली की पेट्रोल-डिझेल त्यात घेता येते. नव्या कायद्याची गरज नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये लखनौच्या बैठकीत विषय निघाला आणि तिथेच मिटवला गेला. कुठल्याच राज्याला ही दुभती गाय सोडायची नाही. महाराष्ट्राला नाही आणि गुजरातलाही नाही. केंद्रही त्यांच्या आड लपते. बरे, केंद्राची चलाखी अशी की २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर पेट्रोलवरच्या ३२ रुपये ९० पैशांपैकी राज्यांशी वाटून घ्यायचे मूळ शुल्क फक्त १ रुपया ४० पैसे ठेवले. बाकी सगळे उपकर आणि अधिभार, त्यांत राज्यांचा वाटा नाही. मग राज्येही आपला व्हॅट कशी सोडतील?

आकडाच पाहा. मार्च २०२४ च्या कपातीनंतर दिल्लीत पेट्रोल ९४ रुपये ७२ पैसे होते. त्यात केंद्र आणि राज्य मिळून सुमारे ३५ रुपये कर होता. पंपवाल्याचे कमिशन धरून मूळ किंमत साठ रुपयांच्या आतच होती. त्यावर चैनीच्या वस्तूंवरचा ४० टक्के जीएसटी लावला तरी भाव ८३ च्या आसपास बसतो. म्हणजे पेट्रोलला तंबाखूच्या रांगेत बसवले असते तरी ते स्वस्त झाले असते!

उद्याच सगळा कर काढून टाका, असे आम्ही म्हणत नाही. त्याच पैशातून रस्ते होतात, आणि गाडी नसलेल्या माणसालाही रस्ता लागतो. पण चार गोष्टी होण्यासारख्या आहेत. सर्वांत आधी डिझेल जीएसटीत घ्या. पेट्रोलचे नंतर पाहू, कारण डिझेल कापडात, भाजीत आणि दुधात आहे. दुसरे, गुजरात सरकारने टक्केवारीऐवजी लिटरमागे ठरावीक रुपये कर घ्यावा, म्हणजे तेल चढले की राज्याची कमाई आपोआप फुगणार नाही. तिसरे, केंद्राने आधीच लिहून जाहीर करावे की तेल अमुक डॉलरच्या वर गेले तर शुल्क इतके उतरेल आणि खाली आले तर इतके चढेल. निवडणूक असो वा नसो.

चौथी गोष्ट आपल्या हातातली आहे. सुरतेची पहिली बीआरटीएस २०१४ साली उधना दरवाजा ते सचिन जीआयडीसी याच रस्त्यावर धावली. तरी आपल्या घरातला मुलगा अर्ध्या मैलावर क्लासला मोटारसायकल घेऊन जातो. उधना-जळगाव मार्गाचे दुपदरीकरण झाले, विद्युतीकरण झाले. मग सकाळ-संध्याकाळ नंदुरबारपर्यंत जास्त लोकल गाड्या का नसाव्यात? सणाला गावी जायला चार कुटुंबे चार गाड्या काढतात, कारण गाडीत पाय ठेवायला जागा नसते. ही मागणी पेट्रोलच्या मागणीइतकीच महत्त्वाची आहे.

कुणी म्हणेल, दिल्ली आणि गांधीनगर आपले कुठे ऐकणार? सप्टेंबर २०२५ मध्ये कृत्रिम धाग्याच्या यार्नवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ वर आला. कापडापेक्षा यार्नवर कर जास्त, ही सुरतेची वर्षानुवर्षांची तक्रार होती. मागणी धरून ठेवली म्हणूनच ती मानली गेली. उधना आणि लिंबायत या दोन्ही विधानसभा नवसारी लोकसभा मतदारसंघात येतात, आणि तिथे आपल्या मराठी मतांची किंमत कोणत्याही उमेदवाराला समजावून सांगावी लागत नाही. पुढच्या वेळी कुणी मत मागायला दारात आला की चहा जरूर द्या, पण डिझेल जीएसटीत आणण्याबद्दल त्याचे मत काय, ते तिथेच विचारा. हो की नाही, एवढेच.

तोवर एक छोटी मागणी आम्ही आजपासून लावून धरत आहोत. मार्केटमधून एक साडी घेतली तरी पक्क्या बिलावर केंद्राचा कर किती आणि राज्याचा किती, हे वेगवेगळे छापलेले असते. पेट्रोलच्या पावतीवर मात्र फक्त लिटर, दर आणि एकूण रक्कम. त्याच पावतीवर दिल्लीचा हिस्सा आणि गांधीनगरचा हिस्सा छापावा, असे निवेदन तयार केले आहे. ते मंडळाच्या कार्यालयात रोज संध्याकाळी सह्यांसाठी ठेवले जाईल. कारखानेवाले, टेम्पोवाले आणि रिक्षावाले बांधवांनी येताना पंपाची एखादी पावती सोबत आणावी. ती निवेदनाला जोडायची आहे.