पाकिटावरचा रुपया

कात्रजला संध्याकाळच्या लग्नाला जायचे म्हणजे दीड तास आधी घर सोडावे लागते, हे पुणेकरांना सांगायला नको. गेल्या वर्षी एका मित्राच्या मुलीच्या लग्नाला मी एकच तास आधी निघालो आणि पोहोचलो तेव्हा अक्षता पडून गेल्या होत्या. आमच्या लहानपणी कात्रज म्हणजे गावाचे टोक होते. तलाव, त्यापलीकडे घाट, आणि पुढे पुढे दुधाच्या पिशवीवरचे नाव, एवढीच त्याची ओळख. आता सातारा रस्त्याच्या आणि कोंढव्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने मंगल कार्यालयांची रांगच लागली आहे. मुहूर्ताच्या दिवशी एका कार्यालयातला बँड दुसऱ्यातल्या मंगलाष्टकांत मिसळतो आणि आपण नेमके कोणाच्या लग्नाला आलो आहोत, हे कमानीवरची नावे वाचून पक्के करावे लागते.

तर या लग्नात प्रवेशद्वाराशीच एक झाड उभे होते. वाळकी फांदी, तिला चंदेरी रंग दिलेला, बुंधा पितळी हंड्यात रोवलेला. फांद्यांना कपड्यांना लावतात तसले, पण बोटभर आकाराचे चिमटे. नवरीच्या मावस-मामेभावंडांनी दोन रात्री जागून ते केले होते. पाहुण्यांनी पाकीट न देता नोट चिमट्याला लावायची आणि शेजारी आपल्या नावाची चिठ्ठी. ‘पैशाला काय झाड लागलंय?’ असे ज्या घरात तिला जन्मभर ऐकवले गेले, त्या घरातल्या मुलीला भावंडांनी दिलेले हे उत्तर होते. मला ते आवडले, हे आधीच कबूल करतो. मीही पाकिटातून पाचशेची नोट काढली आणि टांगली. वरचा रुपया मात्र कुठे लावावा कळेना. नाणे चिमट्यात बसेना. दोनदा खाली पडले, दुसऱ्यांदा तर सतरंजीखाली गेले. शेवटी ते खिशात टाकून मी आत गेलो.

मागे वळलो तेव्हा मित्राकडे अठरा वर्षे पोळ्या करणाऱ्या बाई झाडापाशी उभ्या होत्या. इरकली नेसून, नातवाला बरोबर घेऊन आल्या होत्या. हातात पाकीट होते, त्यावर चिकटवलेला रुपया लांबूनही दिसत होता. त्यांनी झाडाकडे खालपासून वरपर्यंत पाहिले. फांद्यांवर सगळ्या पाचशेच्या नोटा, एखाददुसरी दोनशेची. पाकीट त्यांनी एकदा उलटे केले, एकदा सुलटे केले आणि पिशवीत ठेवून दिले. कोणी काही म्हणाले नाही. कोणी पाहिलेही नसावे.

घरी येताना मी त्या झाडाचाच विचार करत होतो. रोख पैसा भेट म्हणून देण्यात मुळात एक अवघडलेपण असते. साडीची किंमत लगेच कळत नाही, स्टीलच्या डब्याची कळली तरी कोणी बोलत नाही. नोटेवर मात्र आकडाच छापलेला. म्हणून आपल्याकडे पैसा कधी नुसता दिला जात नसे. ओटीत तो तांदूळ-नारळाखाली जाई, ओवाळणीत तबकातल्या सुपारीशेजारी बसे, पूजेला विड्याच्या पानावर ठेवला जाई. आजोळहून निघताना आजी दारामागे बोलावून घेई आणि मुठीत चौघडी केलेली नोट कोंबून म्हणे, ‘खाऊला ठेव, कोणाला सांगू नको.’ ती नोट किती रुपयांची आहे हे एसटीत बसल्यावर कळायचे. पैसा देण्याची याहून कल्पक रीत मला तरी माहीत नाही.

पाकीट ही त्याच मुठीची शहरी आवृत्ती. शंभराच्या नोटेचे पाकीट आणि हजारांचे पाकीट बाहेरून सारखेच. वर तो रुपया. शून्यावर थांबले की हिशेब मिटला, एक वर ठेवला की संबंध चालू राहिला, असा त्याचा लोकांनी लावलेला अर्थ. या रुपयाचा इतिहासही गमतीचा आहे. एक रुपयाच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरची नव्हे, केंद्रीय अर्थ सचिवांची सही असते. तिची छपाई १९९४ मध्ये थांबली आणि २०१५ मध्ये पुन्हा सुरू झाली. मधल्या काळात पाकिटाची भिस्त नाण्यावर आली. दुकानांतून नाणे चिकटवलेली तयार पाकिटे मिळतात. सुटे शोधण्याची कटकट वाचवणारा हा शोध कोणी लावला, त्याला नमस्कार. ‘सव्वा रुपया दक्षिणा’ मात्र तेवढी भाग्यवान ठरली नाही. २५ पैसे व त्याखालची नाणी ३० जून २०११ रोजी चलनातून गेली. तेव्हापासून सव्वा रुपया हा आकडा तोंडात राहिला, हातावर ठेवता येईनासा झाला. गुरुजी दोन रुपयांचे नाणे ठेवायला सांगतात आणि संकल्पात सव्वाच म्हणतात.

पाकीट बंद असले तरी आहेर गुप्त असतो, असा भ्रम मला नाही. वऱ्हाड पांगले की रात्री सतरंजीवर बसून पाकिटे फोडली जातात, एकजण वाचतो, एकजण वहीत लिहितो. ती वही जपून ठेवतात, कारण त्यांच्याकडे कार्य निघाले की तीच काढून पाहायची असते. त्यांनी एकशे एक केले होते, आता काळ बदलला, आपण पाचशे एक करू. गावाकडच्या लग्नांत आहेराचा आकडा ध्वनिक्षेपकावरून पुकारलेलाही मी ऐकला आहे. पण त्याची बाजूही समजून घेतली पाहिजे. बँक दारात उभे करत नाही आणि सावकार सोडत नाही, अशा घराला लग्नाचा खर्च भागवायला सगळ्या भावकीने थोडेथोडे उचलून द्यायचे आणि पुढे पाळीपाळीने ते फेडायचे, ही एक प्रकारची भिशीच होती. भिशीत आकडा लिहावाच लागतो. शिवाय वही घरच्यांच्या हातात राहते. झाड मांडवाच्या दारात असते, फरक एवढाच. आणि तो फार मोठा आहे.

पुण्यालाही मांडून देण्याचा जुना सराव आहे. तळेगावच्या दाभाड्यांनी सुरू केलेली श्रावणमासाची दक्षिणा पुढे पेशव्यांनी पुण्यात चालवली. पर्वतीजवळच्या रमण्यात, म्हणजे भिंतीच्या आवारात, हजारो ब्राह्मणांना घ्यायचे आणि दारातून बाहेर सोडताना हातावर दक्षिणा ठेवायची. देणाऱ्याचे वैभव साऱ्या मुलखाला दिसे, घेणाऱ्याची रांगही दिसे. पेशवाई गेल्यावर याच पैशातून १८२१ मध्ये विश्रामबाग वाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली आणि पुढे मराठी ग्रंथांना बक्षिसे देणारी दक्षिणा प्राइझ कमिटी झाली. पैसा तोच, दारातून उठून तो पुस्तकांत शिरला, तेव्हा त्याची शोभा वाढली असे माझे मत.

आजचे मांडणे वेगळ्या थाटाचे आहे. नवरदेवाच्या गळ्यात नोटांचा हार, वरातीत ओवाळून उधळलेल्या दहा-दहाच्या नोटा, वाढदिवसाच्या केकमधून ओढून काढायची नोटांची लांबच लांब माळ. मायावतींच्या गळ्यात मार्च २०१० मध्ये लखनौला हजाराच्या नोटांचा अजस्र हार पडला, तेव्हा देशभर टीका झाली. टीका करणाऱ्यांपैकी कितीजणांनी आपल्या घरच्या वरातीत त्याचीच छोटी आवृत्ती नाचवली असेल, देव जाणे. नोटांचे हार करू नका, मंडप सजवू नका, समारंभात त्या उधळू नका, असे रिझर्व्ह बँक पुन्हा पुन्हा विनवत आली आहे. तिला काळजी कागदाची. पायदळी येणाऱ्या नोटा वेचायला बँडवाल्यांची पोरे आणि डोक्यावर दिवे धरणाऱ्या बायका वाकतात, ते तिच्या परिपत्रकात बसण्यासारखे नाही.

त्याहून नवी तऱ्हा मोबाईलची. मदुराईतल्या एका लग्नाच्या पत्रिकेवर जानेवारी २०२१ मध्ये पैसे पाठवण्यासाठी क्यूआर कोड छापला होता, त्याची बातमी झाली. आता बातमी होत नाही. सोय आहे, नाकारत नाही. परदेशातला भाऊ भाऊबीजेला क्षणात ओवाळणी पाठवतो आणि पाचशे एकमधला एकही त्यात सुखाने बसतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये लग्नसराईच्या तोंडावर पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या आणि आहेराची तयार पाकिटे पुन्हा फोडावी लागली, ते ज्यांनी भोगले ते या सोयीला नावे ठेवणार नाहीत. तरीही एक उणीव राहतेच. आकडा आधी कळतो, माणूस मागून.

तेव्हा कल्पकतेला माझा विरोध नाही. उलट ती हवी तेवढी करावी. माझ्या ओळखीच्या एका बाई मुंजीतल्या बटूला जाडजूड पुस्तक देतात आणि पंचवीस-पंचवीस पानांवर दहाची कोरी नोट दडवतात. मुलगा नोटांसाठी पाने उलटतो आणि एखाद्या पानावर अडकून बसतो. शाळेत जाणाऱ्या भाचरांना मातीचा गल्ला द्यावा, आत आधीच खुळखुळणारी नाणी टाकून. किती आहेत हे फोडेपर्यंत कळत नाही आणि फोडवत तर नाही. रुखवतात सुपारीचे भटजी आणि गव्हल्यांची रांगोळी करणाऱ्या हातांना हे शिकवायला नको. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे, पैसा लपलेला आहे आणि शोधण्याची मजा घेणाऱ्याकडे आहे.

पैशाच्या झाडाची गोष्टही आपली जुनीच. गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या असलेला कौत्स रघुराजाकडे गेला, कुबेराने मोहरांचा वर्षाव केला, आणि लोककथा सांगते की त्या झाडांवर पडल्या. कौत्साने लागतील तेवढ्याच घेतल्या, उरल्या त्या लोकांनी नेल्या. दसऱ्याला आपण आपट्याचे पान देतो ते त्या आठवणीने. बंगल्यातल्याने दिलेले पान आणि झोपडीतल्याने दिलेले पान यांत काडीचा फरक नसतो. या झाडाला चिमटे लागत नाहीत.

त्या लग्नातली एक गोष्ट सांगायची राहिली. जेवणे उरकल्यावर हात धुवायला गेलो, तर नळांच्या मागे नवरी उभी होती, शालू सावरत. पोळ्या करणाऱ्या बाईंनी तिला तिथे बोलावून घेतले होते. पाकीट त्यांनी पिशवीतून काढलेच नाही. कमरेची चंची सोडली, घडी केलेली नोट तिच्या मेंदीच्या मुठीत ठेवली आणि वरून स्वतःच्या दोन्ही हातांनी मूठ दाबून धरली. ‘मोडू नको गं बाळा, जवळ ठेव.’ नवरी ‘मावशी’ एवढेच म्हणाली आणि वाकली. किती होते ते मला दिसले नाही.

येत्या वैशाखात पुतणीचे लग्न आहे. तिच्यासाठी मिसळणाचा पितळी डबा आणून ठेवला आहे. आत सात वाट्या आहेत. हळदीच्या वाटीत दहाच्या, तिखटाच्या वाटीत शंभराच्या, मोहरीच्या वाटीत कोरी नाणी, असा बेत आहे. कात्रजचा तो रुपया मिठाच्या वाटीत जाईल. झाकण घट्ट बसते की नाही, ते तेवढे दुकानात दोनदा पाहून घेतले.