उजवी शिफ्ट, डावी शिफ्ट

रात्री साडेनऊला जिंतूरहून भाचीचा फोन आला. आवाज रडवेला. “खाला, लॅपटॉप बिघडलाय. अर्जाच्या सगळ्या ओळी उजवीकडे गेल्यात, पूर्णविराम डाव्या टोकाला दिसतोय. दुकानवाले म्हणतात, विंडोज नव्यानं टाकावं लागेल.” नोकरीचा अर्ज सकाळी द्यायचा होता. शिवाय त्याच लॅपटॉपवर तिच्या दादाजाननी उर्दूत लिहिलेल्या आठवणी. दुसरी प्रत कुठेच नाही.

आम्ही विचारले, “त्यात उर्दू कीबोर्ड आहे ना?” होता. “मग कंट्रोल-ए दाबून सगळा मजकूर निवड. आता कंट्रोल आणि डावीकडची शिफ्ट एकत्र दाबून सोड.” ओळी जागेवर आल्या. पलीकडून आधी “अल्हम्दुलिल्लाह” आणि मग “हे काय होतं?”

अक्षर बदलायला कोणतीही शिफ्ट चालते, म्हणून आपण दोन्ही एकच समजतो. संगणकाला मात्र कोणती दाबली ते वेगळे कळते. उर्दू किंवा अरबी कीबोर्ड टाकलेला असला की विंडोजमध्ये कंट्रोल आणि उजवी शिफ्ट म्हणजे ‘उजवीकडून लिही’ आणि कंट्रोल व डावी शिफ्ट म्हणजे ‘डावीकडून लिही’. शब्द निवडताना कंट्रोल-शिफ्टबरोबर बाणाची कळ दाबतात. हिने बाण न दाबताच बोटे उचलली असणार, आणि संगणकाने तो हुकूम समजला.

बिचारी तासभर विंडोज-स्पेस दाबत होती. त्याने भाषा बदलते, आधी लिहिलेल्याची दिशा नाही. या दोन गोष्टी संगणक वेगळ्या ठेवतो. असेच आणखी एक: इन्स्क्रिप्टमध्ये ‘सी’च्या कळेवर ‘म’ आहे. तरी मराठी चालू असताना कंट्रोल-सी दाबले तर ‘म’ उमटत नाही, कॉपीच होते. कारण कीबोर्ड मराठी केला तरी हुकमासाठी ती कळ ‘सी’च राहते. म्हणून कॉपी-पेस्टसाठी दरवेळी इंग्रजीवर जायची गरज नाही. टायपिंगच्या वर्गाला जाणाऱ्या मुलींनी हे जरूर करून पाहावे.

आपल्या भागात हा घोटाळा व्हायचाच. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात सरकारी कामकाज उर्दूत चाले, आज अर्ज मराठीत जातो. परभणी, पाथरी, जिंतूरच्या कितीतरी घरांत आजोबांची लिपी एक आणि नातीची दुसरी, आणि लॅपटॉप मात्र दोघांत एकच! म्हणून उर्दू कीबोर्ड काढून टाकण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. दुकानात मशीन देण्याआधी फाइलींची प्रत मात्र काढून ठेवा. भाचीला आम्ही त्याच रात्री आठवणी पेनड्राइव्हवर घ्यायला लावल्या.

अर्ज वेळेवर गेला. आता लॅपटॉपच्या कडेला एक चिठ्ठी चिकटवलेली आहे: ‘दादाजान – उजवी. मी – डावी.’